उद्यान क्रमांक तीन

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. घरात बसून मी सगळ्यांच्या कामात नाक खुपसतो असं हौसाचं म्हणणं आहे. विम्याच्या एजंटाने दिलेली ही डायरी तिनेच आज पुढ्यात टाकली आणि म्हणाली, कटकट करायची ती हिच्यात करा, मला भात कांडून आणायचाय. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर हा मान.

पण आज कटकट करण्यासारखं घडलंय. पेपरात सरकारी जाहिरात आली आहे. आमच्या किन्हवलीच्या पलीकडे डोंगराखाली नवनगर होणार. १९९२ चा मूळ आराखडा कायम ठेवून. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्या. सोबतचा नकाशा पोस्टाच्या तिकिटाएवढा छापला होता, तरी मी चष्म्याशिवाय ओळखला. त्यातली रेघ न् रेघ माझ्या हातची.

ताम्हणे साहेबांचं शहर! साहेब जाऊन वीस वर्षं झाली. नगररचनेच्या कार्यालयात मी सत्तावीस वर्षांचा मोजणी मदतनीस होतो आणि ट्रेसिंगही करायचो, तेव्हा हा माणूस टेबलावर पालथा पडून शहर आखायचा. एक लाख माणसांचं. कोणत्याही पोराला शाळेत जायला दहा मिनिटांपेक्षा जास्त चालायला लागू नये. वाशिंदच्या माणसाने पोटासाठी रोज मुंबई गाठू नये, काम त्याच्या घराशेजारी असावं. मधून एक सरळ महापथ, त्याच्या एका टोकाला नगरभवन, दुसऱ्या टोकाला डोंगराच्या पायथ्याशी तळं आणि बाग. साहेब म्हणायचे, "महिपत, शहर आधी कागदावर वसतं. कागद नीट असेल तर जमिनीला नीट व्हावंच लागतं." आम्ही ऐकत राहायचो. अजूनही तो नकाशा आठवला की मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

प्रत्यक्षात झालं काय, तर महापथाचा अर्धा किलोमीटर आणि एक गोल चौक. मग सरकार बदललं, पैसा दुसरीकडे गेला, साहेबांची बदली झाली. तो रस्ता आजही भाताच्या खाचरात जाऊन नुसता संपतो. चौकात लोक भात वाळत घालतात, मे महिन्यात लग्नाचे मांडव पडतात. जीपवाले त्याला सर्कल म्हणतात. पोरांना वाटतं, ते सर्कल देवाने केलंय.

हरकत घेण्यासारखं त्यात काही नाही. चांगला आराखडा आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही. कंबर धरली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी एक मुलगी आली. रविना. डोंगराखालच्या उंबराच्या वाडीतली, शहापूरला बी. ए. करून वाडीतच अंगणवाडीत मदतनीस आहे. म्हणाली, काका, तुम्ही नगररचनेत होता म्हणतात, आम्हाला हा नकाशा वाचून दाखवता का.

माहितीच्या अधिकारात मिळवलेली प्रत होती. १९९२ ची. तिने ती ओटीवर पसरली आणि मला घाम फुटला.

नकाशाची घडी कशी घालावी हे हल्ली कोणालाच येत नाही. खालचा उजवा कोपरा तिने मागे दुमडून वर टाचणी मारली होती. एरवी मी चार शब्द सुनावले असते. पण त्याच कोपऱ्यात सह्या असतात. मोजणी करणारा, ट्रेसिंग करणारा, तपासणारा. पहिल्या दोन्ही जागी मीच. देव पावला म्हटलं आणि गप्प बसलो.

तिने बोट ठेवलं ते बरोबर महापथाच्या टोकाला. "इथं आमची वाडी हाय. आणि इथं लिवलंय उद्यान क्रमांक तीन. असं कसं?"

मी म्हटलं, त्या वेळी सर्वेक्षणात तिथे वस्ती आढळली नसेल. आढळली नसेल! सरकारी भाषेची हीच गंमत, करणारा कोणी दिसत नाही. ती म्हणाली, वाडी तर आजीच्या सासऱ्याच्या आधीपासनं हाय. मग बारीक अक्षरांतले दोन शब्द दाखवून तिने विचारलं, हे काय. मी वाचलं. 'पडीक झोपड्या.'

ती मान हलवून म्हणाली, एकदा वाडीवर या काका, जागा बघून सांगा हरकत कशी लिहायची ते. हौसाने मधेच डोकं काढून सांगितलं, येतील की, रिकामेच असतात. आपलेच दात नि आपलेच ओठ.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गेलो. सर्कलपर्यंत जीप, तिथून पाऊण तास चाल. विजेचे खांब वळणावरच थांबलेत.

वाडी रिकामी. असणारच. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, पोराबाळांसकट, ते पाऊस तोंडावर आला की परततात. जाताना छपरावरचं निळं मेणकापड काढून बरोबर नेतात, तिकडच्या खोपटावर घालायला. आमच्या वेळी पेंढ्याची छपरं होती, वणव्याच्या भीतीने ती उतरवून ठेवायचे. नुसते कुडाच्या भिंती न् वासे उभे. नव्या माणसाला वाटावं, गाव ओस पडलं. नव्या माणसाला. मी काही नवा नव्हतो. माझ्या बापाची भट्टी होती मुरबाडच्या वाटेवर, आणि ह्याच वाडीची माणसं तिथे विटा थापायला असायची. मी लहानपणी त्यांच्या पोरांबरोबर खेळलेला माणूस.

वाडीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या. रविनाची आजी सोमी सागाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसली होती. तिने मला लगेच ओळखलं. "धाकलं शेठ आलं," म्हणाली. बापाचा धाकटा मुलगा म्हणून तेव्हा सगळे मला असंच म्हणायचे. तांब्याभर पाणी आणून दिलं, माझी आई कधी गेली ते विचारलं, आणि पुन्हा पानं टोचू लागली.

लखमा तिचा नवरा, आता नाही. ९२ सालच्या मोजणीत त्याने तीन आठवडे आमची झेंडी धरली होती. बांबूला लाल-पांढरं फडकं, ती लांब उभी धरायची म्हणजे दुर्बिणीतून रेघ मारता येते. लखमाला डुलकी लागायची आणि झेंडी कलायची. मी इकडून ओरडायचो, "सरळ धर रे, सरळ धर!" तो दचकून हसायचा.

रविनाने फिरवून दाखवलं. अंगणवाडी कुडाच्या खोलीत, कारण इमारतीला मंजुरी नाही. घरकुलं शेजारच्या गावाला आली, इथे नाहीत. रस्ता तीनदा मागितला. प्रत्येक वेळी एकच उत्तर, जागा उद्यानासाठी आरक्षित. तिने ती पत्रं एका पिशवीत क्रमाने लावून ठेवली आहेत. तेहतीस वर्षं. बाग झाली नाही, एक झाडसुद्धा कोणी लावलं नाही, पण बागेचा हुकूम चालूच. मला हे माहीत नव्हतं. बदली होऊन मी रायगडात गेलो, मग नाशिकला. नकाशा गेला कपाटात, मला वाटलं विषय संपला.

निघताना मी विचारलं, लखमा कशाने गेला. सापाचं नाव इकडे घेत नाहीत. सोमी म्हणाली, "पान लागलं त्याला. झोळीतनं नेला सर्कलपातूर. थयं जीपची वाट बघता बघता गेला."

आमच्या सर्कलवर. त्याची त्रिज्या पंधरा मीटर, मी कंपासने काढली होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जेवण गेलं नाही. हौसाला सांगितलं, ऊन लागलं.

लिहूनच टाकतो, ही काही कोणी वाचणार नाही. ९२ च्या फेब्रुवारीत लखमा मला घेऊन वाडीभर फिरला होता. एकेका घरापुढे उभा राहून नाव सांगायचा आणि मी फिल्डबुकात चौकोन काढून नाव घालायचो. एकतीस घरं. म्हणाला होता, "आमची घरां पण लिव हां." मी म्हटलं, लिहितोय ना बाबा.

पण राहत्या घराची नोंद करायची तर घरमालक समोर हवा, त्याचा अंगठा हवा. लखमा सोडला तर सगळे भट्टीवर. त्यांना बोलवायचं म्हणजे भट्टी बंद ठेवायची आणि बापाला ते चाललं नसतं. सरकारी माणूस भट्टीवर आलेला तर मुळीच नाही. साहेबांना एकतीस मार्चच्या आत नकाशा द्यायचा होता. बाप एकीकडे, साहेब एकीकडे, मधे मी. म्हणून अंतिम नकाशावर तो शब्द लिहिला. पडीक. बापापुढे तेव्हा कोणाची टाप होती?

२० फेब्रुवारी, गुरुवार

संदेश आला आहे. आमचा मुलगा. मोजणीच्या एका खाजगी कंपनीत ड्रोन उडवतो, आणि नवनगराचं काम त्याच कंपनीला मिळालंय. मी त्याला आजवर अभिमानाने सांगत आलो की बाबा रे, तुझ्या बापाने हे साखळी ओढून केलं.

जेवताना सहज म्हणाला, डोंगराखालच्या भागावर कालच ड्रोन उडवून झाला. मी विचारलं, वाडी दिसली का. त्याने लॅपटॉपवर दाखवली. वरून नुसते वासे न् भिंती, चार-दोन छपरं. म्हणाला, ॲबँडन दाखवतोय सॉफ्टवेअर, जुन्या नकाशातही तेच आहे ना बाबा, मॅच झालं.

तेहतीस वर्षांनी पुन्हा फेब्रुवारीतच. मोजणीला कोरडा काळ लागतो, गवत नसतं, लांबवर दिसतं, सगळ्या देशात असंच मोजतात. आणि आमच्याकडे त्याच काळात माणूस घरी नसतो. मी त्याला म्हटलं, अरे, ती राहती घरं आहेत, माणसं भट्टीवर गेलीत. तो म्हणाला, तसं कुठे लिहिलंय?

ट्रंक काढली. फिल्डबुक खरं तर ऑफिसात जमा करायचं असतं. मी केलं नव्हतं. का ठेवलं तेही सांगता येत नाही. पेन्सिल थोडी पुसट झालीय, पण एकतीसच्या एकतीस चौकोन जागेवर आहेत. एकतिसाव्यात लिहिलंय, लखमा. तो म्हणाला होता, माझं शेवटाला घाल, आधी पोरांची घाल.

हे पुस्तक पुढे आलं तर वाडीची हरकत टिकते. आणि खाली माझं नाव येतं. पेन्शनला धक्का लागेल का ते साईनाथला विचारायला हवं, तो ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी होता. विचारलं तर त्याला संशय येईल. राहू दे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रविना हरकतीचा मसुदा घेऊन आली. मी दुरुस्त केला. मुदत पाच मार्चची. मग उठून आत गेलो, फिल्डबुक आणलं आणि तिच्या हातात ठेवलं.

तिने पानं उलटली. आजोबाच्या नावावर थांबली. मग विचारलं, "ही वही कोणाची काका?"

"ऑफिसातली. रद्दीत निघाली होती," मी म्हटलं.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पोरगी जरा मंद आहे की काय असं मला वाटलं. मग ती म्हणाली, बरं, जोडते. सुनावणीला तुम्ही याल ना? मी हो म्हटलं. नुसतं शेजारी बसायला काय जातंय.

हौसा भांडी घासत होती. रविना गेल्यावर म्हणाली, तुमचं अक्षर मी पत्रांतनं ओळखते, लग्नाआधीचं.

२० मार्च, गुरुवार

सुनावणी झाली. जे झालं ते आहे तसं लिहितो.

शहापूरला एका हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. बहुतेक हरकती मोबदल्याच्या, रस्ता माझ्या शेतातून नको त्याच्यातून न्या अशा. आमचा नंबर तीन वाजता लागला. टेबलामागे अधिकारी बाई होत्या, चाळिशीच्या आतल्या, शांत. रविना उभी राहिली आणि तिने नीट सांगितलं. अजिबात अडखळली नाही. मंद म्हणे! गाढव तो मी.

बाईंनी फिल्डबुक चाळलं आणि विचारलं, "हे अक्षर कोणाचं? कोणी केलं ते कळल्याशिवाय मी हा पुरावा धरू शकत नाही."

रविना माझ्याकडे बघतही नव्हती, समोर बघत होती. सोमी तिच्याशेजारी पदर धरून बसलेली. मी पंख्याकडे पाहिलं. मला वाटत होतं कोणीतरी काहीतरी बोलेल. सत्तावीस वर्षांचा असल्यापासून मला हेच वाटत आलंय.

"माझं," मी म्हटलं. "नकाशाही माझाच. घरं राहती आहेत हे मला माहीत होतं. तरी मी पडीक लिहिलं."

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. मग रविनाने नकाशाची ती टाचणी काढली आणि कोपरा सरळ केला. बाईंनी सही ताडून पाहिली. रविना हळूच मला म्हणाली, "पयल्या दिवशीच ठाव व्हतं काका. नाव वाचूनच तुमच्या घरी आल्ते."

म्हणजे दीड महिना ती मला संधी देत होती आणि मी मनातल्या मनात तिला नकाशाची घडी शिकवत होतो. लाज वाटते, असं म्हणणंसुद्धा कमी आहे.

बाईंनी नोंद घेतली. म्हणाल्या, ठीक आहे, फेरपाहणी लावते, प्रत्येक घराशी घरमालक हजर हवा. नसेल तर ते घर मला धरता येणार नाही. तारीख दिली आठ एप्रिल.

आठ एप्रिलला वाडीत कोण असणार? मी तसाच उभा राहून सांगितलं, मॅडम, पावसाळ्यात या, तेव्हा सगळी माणसं असतात. त्या म्हणाल्या, एप्रिलअखेर मला आराखडा पाठवायचाय. साहेबांचा एकतीस मार्च आठवला. मुदत कधी कोणाची थांबत नाही.

जिना उतरताना मी सोमीला हात दिला तर तिने कठडा धरला.

२२ मार्च, शनिवार

भट्टीवर गेलो. आता ती कान्हादादाची, माझ्या थोरल्या भावाची. मुरबाडच्या बसमधून उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. वाडीची सगळी माणसं तिथेच. रविनाचा बाप भगीरथ चिखल तुडवत होता. त्याने मला पाहिलं आणि मान खाली घालून तुडवत राहिला. म्हणजे बातमी पोचली होती.

दादाला म्हटलं, आठ तारखेला एक दिवस ह्यांना सोड. तो म्हणाला, भट्टी रचायला काढलीय, एक दिवस सोडली की आठवडा परत येत नाहीत, तुला काय, तू पेन्शनवाला. मी चिडलो. माझ्या तोंडून निघून गेलं की बाबांमुळे मी तेव्हा खोटं लिहिलं, आता तू तरी बाबांसारखा वागू नको.

दादाने हातातली वीट खाली ठेवली.

"बाबांमुळं?" तो म्हणाला. "अरे, तू बाबांना विचारलं कधी? मी व्हतो ना थयं. बाबा सोताहून बोलले, सरकारी कागद हाय तर दोन दिस ने माणसां. आनि शिमग्याला तर सगळीच वाडीवर व्हती, तीन दिस. तूच नाय आला. तू मंबईला गेलास, तुझ्या सायबाबरोबर."

चहा आला तो तसाच ठेवून निघालो.

२३ मार्च, रविवार

वर १३ फेब्रुवारीचं पान आहे. ते फाडणार होतो. फाडत नाही, राहू दे. स्वतःच्या डायरीतसुद्धा खोटं लिहिणारा माणूस आहे हे कोणाला कळायचं तर कळू दे.

दादा खरं बोलला. बाबांनी नाही म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं मी ते बाबांच्या नावावर खपवलं, आणि ते गेल्यावर तर सोपंच झालं. साहेबांनीही घरं लपव असं कधी सांगितलं नाही. त्यांना घरं आहेत हेच माहीत नव्हतं. माहीत असतं तर बाग शंभर मीटर अलीकडे घेतली असती, माणूस तसा होता. ते शहर त्यांनी लोकांसाठीच आखलं होतं आणि त्यात पहिल्यापासून राहणारी माणसं मी खोडली.

शिमग्याच्या आठवड्यात साहेब नकाशा दाखवायला मुंबईला जाणार होते. मोठ्या लोकांपुढे. नकाशा पूर्ण असेल तर गुंडाळी धरायला एक मदतनीस बरोबर घेणार होते. मला जायचं होतं. अंगठे घ्यायला वाडीवर गेलो असतो तर नकाशा अर्धवट राहिला असता आणि दुसरा कोणी गेला असता. एवढंच कारण. मागच्या रांगेत बसलो. साहेबांनी महापथाचं टोक दाखवून सांगितलं, इथे शहर डोंगराला भेटतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहाबरोबर बिस्किटं होती.

त्याच दिवशी वाडीत होळी पेटली असेल आणि लखमा घरी असेल.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. संदेशला सगळं सांगितलं. तो बराच वेळ मोबाईल उलटसुलट करत बसला, मग म्हणाला, बाबा, मीपण रिपोर्ट पाठवलाय. मी म्हटलं, मग दुसरा पाठव. तो म्हणाला, नोकरी आहे माझी. दुपारी मात्र त्याने कंपनीतल्या साहेबाला फोन लावला, बाहेर अंगणात जाऊन. काय ठरलं ते सांगितलं नाही.

दादाचा निरोप नाही.

८ एप्रिल, मंगळवार

पहाटे हौसाने भाकऱ्या बांधून दिल्या आणि म्हणाली, आज तिथे कोणी आलं नाही तरी तुम्ही थांबा.

सातला वाडीत पोचलो. म्हाताऱ्या आणि कोंबड्या. आठ वाजले, काही नाही. साडेआठला खालून गाडीचा आवाज आला. दादाचे दोन टेम्पो, विटांचे. सर्कलपासून पुढे चाकाला रस्ता नाही म्हणून खाचरातून उड्या मारत आले. माणसं भरलेली, पोरं मांडीवर, मधे निळ्या मेणकापडांच्या गुंडाळ्या.

माझा ऊर भरून आला. शेवटी भाऊ तो भाऊ, माझं ऐकलंच त्याने, असं मी भगीरथला म्हटलं. तो गुंडाळी खांद्यावर घेत म्हणाला, "नाय वो. आमी काल सकाळधरनं कामाला हात लावला नाय. रविना आल्ती भट्टीवर चारदा. म सांजच्याला शेठनं गाड्या दिल्या." आणि गेला छप्पर घालायला.

तासाभरात सगळी मेणकापडं चढली. चुली पेटल्या. आता एकतीस नाहीत, चव्वेचाळीस घरं आहेत. दहाला मॅडम आल्या, बरोबर संदेश आणि त्याच्या कंपनीचे दोघे. संदेशने माझ्याकडे न बघता ड्रोन उडवला आणि मॅडमना पडदा दाखवला. सगळी निळी छपरं दिसत होती.

प्रत्येक घराच्या कोपऱ्याशी जीपीएसचा दांडा उभा करायचा असतो. त्याला पाण्याचा बुडबुडा असतो, तो मधे आला म्हणजे दांडा सरळ. दांडा धरायला आणलेला माणूस उन्हाने टेकला, तेव्हा मी म्हटलं, द्या इकडे. संदेश म्हणाला, बाबा, कंबर. मी घेतलाच.

घरामागून घर. मॅडम विचारायच्या, घर कोणाचं, आणि दारातला माणूस नाव सांगून अंगठा किंवा सही द्यायचा. फिल्डबुकातली नावं रविना शेजारून वाचत होती. निम्मी माणसं गेलेली. त्यांची मुलं म्हणायची, बाप माझा, आज्जा माझा. कोणी मला टाकून बोललं नाही. पाणीही कोणी विचारलं नाही आणि मी मागितलं नाही.

सोमीचं घर शेवटचं. दोन वाजून गेले होते. माझे हात भरून आले होते, डोळ्यात घाम जात होता, आणि दांडा हळूहळू कलत होता ते मला कळत होतं पण आवरत नव्हतं. संदेश तिकडून काही बोलणार, तेवढ्यात सोमी उंबऱ्यातून म्हणाली,

"महिपत, सरळ धर."

शेठ नाही, धाकलं शेठ नाही. मी दोन्ही हातांनी धरला. बुडबुडा मधे येईपर्यंत सगळे थांबले.

मॅडमनी विचारलं, "घर कोणाचं?"

"लखमाचं," सोमी म्हणाली. ती मॅडमकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "आता लिव."